धड नसलेला निरोप

तुम्ही लिहिलंत, की त्यानं बटण दाबलं नाही. तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईगडबडीत नाही. यंत्र तुमच्या टेबलावर मांडून दाखवलं, तुम्ही ते डोळ्यांनी बघितलं, वर चहा प्यालात आणि मग लिहिलंत. चौकशी समितीचे अध्यक्ष, सभासद, सही करणारे आणि सहीची जागा बोटानं दाखवणारे, सगळ्यांना उद्देशून आहे हे. ज्याची बोटं गेली त्याला निष्काळजी ठरवलंत आणि ज्या नियमानं गेली तो नियम तुमचाच होता. काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांना नाही. म्हणून पहिल्यापासून सांगायला हवं.

तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रचालक होता. पुठ्ठ्याचा ताव एका बाजूनं आत ढकलला जातो, वरून दाब येतो, घड्या पडतात, खाचा पडतात आणि दुसऱ्या बाजूनं सपाट खोकं बाहेर येतं. ताव ढकलणारी एक लोखंडी पट्टी असते, तिला कारखान्यात सगळे 'सासू' म्हणत, कारण ती कुणाला एका जागी उभं राहू देत नसे. हे नावही त्यानंच ठेवलेलं. घरी येऊन आईसमोर सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "माझ्यावरून ठेवलंस का रे मेल्या?" तेव्हा तो म्हणाला, "नाही गं. ती निदान मधून मधून थांबते."

त्याची वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, मोटरी चालवणारी कार्डं बनवणाऱ्या कंपनीत होती. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी. चालकाच्या पॅनेलवरून तारेतून निरोप येतो, कार्ड तो वाचतं आणि मोटर फिरवतं, वळवतं, थांबवतं. निरोप कसा वाचायचा हे कार्डाला शिकवणं हे वहिनीचं काम. खोक्यांच्या कारखान्यातलं जुनं कार्ड जळालं आणि त्या जागी वहिनीच्या कंपनीचं नवं बसलं, तेव्हा दीर जेवता जेवता म्हणाला, "वहिनी, तुमचं पोर आमच्याकडे कामाला लागलंय."

"नीट वागतंय ना?"

"एकदम गुणी. उलटून बोलत नाही."

हे वाक्य वहिनीला पुढे फार छळणार होतं.

आता त्या निरोपाचं थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं. तारेतून जाणाऱ्या प्रत्येक निरोपाला पुढे एक हेडर असतं. वहिनीच्या खात्यात त्याला डोकं म्हणत आणि मागून येणाऱ्या मजकुराला धड. डोक्यात चारच गोष्टी: निरोप सुरू झाल्याची खूण, तो कुठल्या कार्डासाठी आहे, आदेश कुठला आहे आणि मागे धड किती लांबीचं आहे. 'पुढे जा' म्हणायचं तर किती पुढे, किती वेगानं, हे धडात लिहावं लागतं. पण 'थांब' म्हणायचं तर? 'थांब'ला पुढे काय सांगायचं असतं? थांब म्हणजे थांब. म्हणून 'थांब'ला नुसतं डोकं. धडाची लांबी शून्य. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि जगातल्या मोटरी बिनबोभाट थांबत होत्या.

मग तुम्ही नियम बदललात.

कारणही खोटं नव्हतं. मोठ्या कारखान्यांत तारांवर विजेचा खरखराट येतो आणि त्या खरखराटाचे तुकडे कधीकधी हुबेहूब डोक्यासारखे दिसतात. कार्डं त्या भुतांना उत्तरं देत बसायची, तारा तुंबायच्या. मोठ्या गिऱ्हाइकांनी आरडाओरड केली. सगळ्या कार्डांचे नियम ठरवणाऱ्या तुमच्या समितीनं नियमांच्या नव्या आवृत्तीत एक ओळ घातली: ज्या निरोपाच्या धडाची लांबी शून्य आहे तो निरोप मृत समजावा, त्यास उत्तर देऊ नये, त्याची नोंद ठेवू नये.

वहिनीच्या खात्यात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे 'कंजूस' म्हणत. एकेक बाइट वाचवण्यासाठी ते दिवस दिवस घालवत आणि वाचला की पोरगी उजवल्यासारखे खूश होत. ती ओळ त्यांनी खात्यात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "ऐका हो, ज्याला धड नाही त्याला मान नाही!" सगळे हसले. वहिनीही हसली. कंजूसांनी दुपारपर्यंत कार्डात तसा बदल करून टाकला. नियमच होता.

खोक्यांच्या कारखान्यात जळालेल्याच्या जागी बसलं ते हा बदल केलेलंच कार्ड, पॅनेल मात्र जुनंच राहिलं. पॅनेलवर दोन बटणं. लाल दाबलं की अख्ख्या यंत्राची वीज जाते आणि मग प्रत्येक मोटर पुन्हा मूळ जागी आणून सगळं जुळवत बसावं लागतं. म्हणून लाल बटणावर मुकादमानं झाकण बसवून घेतलं होतं आणि झाकणाला चिकटपट्टी. ताव अडकला तर पिवळं दाबायचं, असं प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं जाई. पिवळं दाबलं की पॅनेल कार्डाला 'थांब' म्हणून सांगे, सासू जागीच उभी राही, ताव ओढून काढायचा, पुन्हा सुरू. ताव रोज अडकत. पण कार्ड बदलल्यावर काही दिवस नव्या कोऱ्या पुठ्ठ्याचं काम होतं, ताव सुतासारखे सरळ जात होते, पिवळ्याची गरजच पडली नाही.

मग ओलसर पुठ्ठा आला. ताव वाकडा झाला. त्यानं डाव्या हातानं पिवळं दाबलं आणि उजवा हात आत घातला, रोज घालायचा तसा.

सासू थांबली नाही.

उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा राहिला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय म्हणाला असेल? हात कुठे आहे, असं नाही. तो म्हणाला, "वहिनी, मी दाबलं होतं."

"माहीत आहे मला."

"नाही, गुंगीत ऐकलं मी, ते मुकादम म्हणत होते, नोंद नाहीये म्हणून. मी दाबलं होतं."

कार्डातली नोंद काढली होती. ती स्वच्छ होती. पुढे जा, पुढे जा, पुढे जा. मध्ये 'थांब' कुठेच नाही. मुकादम, कारखान्याचा मालक, सगळे त्या नोंदीवर बोट ठेवून उभे. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणाले. माणूस बोलतो.

घरी तरी काय वेगळं होतं? वहिनीच्या सासूबाई, म्हणजे त्याची आई, पोराच्या उशाशी बसून त्याला भरवायच्या आणि भरवता भरवताच म्हणायच्या, "लहानपणापासून असाच धांदरट. दार लावलं म्हणायचा आणि दार सताड उघडं. दाबलं असं वाटलं असेल रे तुला."

"आई, दाबलं."

"बरं, दाबलं. आ कर."

हे 'बरं' त्याला बोटांपेक्षा जास्त लागलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. दिराचं तोंड कसं मिटलं, ते तिनं पाहिलं. ज्याची जीभ टाळ्याला लागत नसे तो माणूस गप्प झाला. पुढच्या आठवड्यात तो तिला म्हणाला, "वहिनी, कधीकधी मलाच वाटतं, नसेल दाबलं. बोट ठेवलं असेल नुसतं."

"भाऊजी, असं बोलू नका."

"अहो, सगळेच म्हणतात तर..."

"सगळे म्हणतात म्हणून काय? बोट तुमचं होतं की सगळ्यांचं?"

बोलून गेली आणि जीभ चावली. बोटं! पण तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. "ते मात्र खरं," म्हणाला. "जाताना सगळ्यांना विचारून गेली नाहीत."

त्या दिवशी वहिनीनं ठरवलं. भरपाई वगैरे नंतर बघू. त्यानं बटण दाबलं होतं, एवढी एक ओळ कुठेतरी शिक्क्यानिशी लिहून यायला हवी. नाहीतर हा माणूस उरलेला जन्म स्वतःवरच संशय घेत काढील.

ऑफिसातल्या कपाटात त्याच बनावटीचं जुनं पॅनेल धूळ खात पडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं ते टेबलावर घेतलं, नवं कार्ड जोडलं, मोटर जोडली, मोटर फिरायला लावली आणि पिवळं बटण दाबलं. मोटर फिरतच राहिली. पुन्हा दाबलं. फिरतच राहिली. तारेतला निरोप दाखवणारा स्कोप लावला, तर त्याच्या पडद्यावर 'थांब' लख्ख दिसत होता. निरोप पॅनेलमधून निघत होता, कार्डापर्यंत पोचत होता आणि कार्ड ढिम्म.

कंजूस डबा धुऊन परत येत होते. "काय गं, जेवायचं सोडून हे काय?"

"'थांब' पाठवतेय."

"मग?"

"थांबत नाहीये."

"तार सैल असेल."

"स्कोपवर बघा ना."

त्यांनी वाकून बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. "लांबी शून्य आहे," ते म्हणाले.

"'थांब'ची लांबी शून्यच असते."

"हो, पण शून्य म्हणजे... ते आपण सोडून देतो ना आता."

"आणि नोंद?"

"नोंद कशाला? मेलेल्याची कसली नोंद..." वाक्य अर्ध्यावर सोडून कंजूस हातातल्या ओल्या डब्यासकट खुर्चीत बसले. मोटर मधोमध फिरत होती. ती बंद करायला वहिनीला तार उपटावी लागली.

नियमांची पोथी दोघांनी मिळून पुन्हा वाचली. अगदी शेवटी, पुरवणीत, बारीक अक्षरात सापडलं: 'थांब' यासारख्या आदेशांना भरीचा एक बाइट धड म्हणून जोडावा. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! नियम करताना कुणालातरी आठवलं होतं, की 'थांब'ला धड नसतं. मग पॅनेलं बनवणाऱ्यांना कळवलंत? ज्या कारखान्यांत जुनी पॅनेलं आहेत तिथे कुणाला धाडलंत? पुरवणीत टाकलंत आणि हात झटकलेत. त्या पॅनेलची कंपनी तर कधीच बंद पडली होती. पुरवणी वाचायला तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं.

वहिनीचे साहेब तिला केबिनमध्ये घेऊन समजावत बसले. "हे बघ, आपलं कार्ड नियमाप्रमाणे चाललं. शंभर टक्के. तू कशाला अंगावर ओढून घेतेस?"

"सर, माझा दीर आहे."

"म्हणूनच सांगतोय. घरचं प्रकरण आहे म्हणतील. आणि चौकशी समितीत कोण आहे माहितीये ना? नियम करणारेच. त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्यास, तर आपल्या पुढच्या कार्डाला मंजुरी कोण देणार?"

ती चौकशीला गेलीच. पॅनेल, कार्ड, मोटर, सगळं पिशवीत घालून. दीरही बरोबर. हाताला पट्टी, नवा शर्ट, शर्टाची बटणं वहिनीनं लावून दिलेली. जाताना तो म्हणाला, "लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय. फक्त नवरी कोण ते कळत नाही."

तुमच्या त्या लांब टेबलावर तिनं यंत्र मांडलं. एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं. मग अध्यक्ष स्वतः उठून आले आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं पिवळं दाबलं. मोटर थांबली नाही. त्यांनी जरा जोरात दाबलं. जोर देऊन काय होणार होतं? खोलीत दुसरा आवाज नव्हता, नुसती मोटर गरगरत होती. दिरानं वहिनीकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो चक्क हसत होता. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याच्यासारखंच बटण दाबलं होतं आणि त्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

अध्यक्ष जागेवर जाऊन बसले. रुमालानं बोट पुसलं. "बाई," ते म्हणाले, "तुमचं म्हणणं लक्षात आलं. पण नियमाप्रमाणे हा निरोपच नाही."

"पण तो तारेवर दिसतोय."

"दिसतो ना. खरखराटही दिसतो. धड नाही, म्हणजे निरोप नाही. निरोप नाही, म्हणजे कार्डाला काही सांगितलंच गेलं नाही."

"त्यानं बटण दाबलं, हे तरी मान्य आहे?"

"बटणाबद्दल आम्ही कुठे काही म्हणतोय?" अध्यक्ष गोड बोलले. "आम्ही एवढंच लिहू, की थांबण्याचा वैध निरोप मिळाल्याचे आढळले नाही. कुणावर दोष नाही, कुणाला त्रास नाही. चालेल?"

वहिनी नियमांत वाढलेली बाई. तिला ते वाक्य खरं वाटलं, कारण अक्षरशः ते खरंच होतं. तिनं मान डोलावली. दीर म्हणाला, "वैध म्हणजे काय वहिनी?" ती म्हणाली, "बाहेर गेल्यावर सांगते." चहा आला. तिनं घेतला नाही. तुम्ही घेतलात.

निकाल आला तो जाडजूड. आत कुठेतरी खोल ते वाक्य होतंही, ठरल्याप्रमाणे. पण पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत सारांश होता: चालकाने थांबण्याचे बटण दाबले नाही. निष्काळजीपणा सिद्ध.

कारखान्याच्या फलकावर तेवढंच पान लागलं. मुकादमानं तेवढंच वाचलं. दुसऱ्या कारखान्यात दिरासाठी देखरेखीचं काम बघितलं होतं, त्यांनी तेवढंच वाचून नको म्हणून कळवलं. सासूबाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि कागदाची घडी घातली. नेहमीसारखं 'धांदरट' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी तुमच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाला तिनं आतलं वाक्य दाखवलं आणि वरचं वाक्य दाखवलं. "ही दोन वाक्यं एक नाहीत."

"सारांश आहे हो तो, बाई. सारांश छोटा ठेवावा लागतो."

"छोटा ठेवा. खोटा कशाला ठेवता?"

"लेखी द्या."

तिनं लेखी दिलं. उत्तर नाही. पुन्हा दिलं. उत्तर नाही. साहेबांनी तिला दुसऱ्या खात्यात टाकलं, जिथे कार्डांची खोकी मोजायची असतात. खोकी पुठ्ठ्याची. नशिबाची थट्टा, म्हणून तिनं घरी सांगितलं तर दीर म्हणाला, "बघा, त्यातलं एखादं मी बनवलेलं निघेल. चांगलं घट्ट असेल ते."

पण हल्ली तो विनोद करायचा आणि हसायचा नाही. दार लावल्यावर परत जाऊन ओढून बघायचा. दिवा बंद केल्यावर परत जाऊन बघायचा. एकदा वहिनीनं पाहिलं, गॅसच्या बटणासमोर तो अंगठा टेकवून उभा होता. बंद होतं, तरी उभा होता.

"भाऊजी, बंद आहे."

"हो? तुम्ही बघितलंत ना? नक्की?"

मग परवा कंजूस तिच्या नव्या खात्यात आले. इकडेतिकडे बघत, शेपूट घातलेल्या माणसासारखे. हातात तुमच्या नियमांची नवी आवृत्ती. ताजी, कोरी. एका ओळीवर त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. "मी दिलं म्हणून सांगू नकोस," म्हणाले, आणि निघून गेले. तिनं तिथेच, खोक्यांच्या थप्पीला टेकून वाचलं: लांबी शून्य असली तरी 'थांब' हा आदेश वैध समजावा व कार्डाने मोटर तत्काळ थांबवावी.

कारण दिलेलं नव्हतं. तारीख होती, सही होती. सही त्याच अध्यक्षांची.

वहिनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. दीर अंगणात खुर्चीवर बसला होता. तिनं ओळ वाचून दाखवली. त्यानं परत वाचायला लावली. मग त्यानं विचारलं, अगदी लहान मुलासारखं, "मग वहिनी, मी दाबलं होतं ना?"

"दाबलं होतं."

"तुम्ही म्हणता हो. तुम्ही घरच्या. ते काय म्हणतात?"

याचं उत्तर वहिनीनं द्यायचं नाहीये. तुम्ही द्यायचं आहे. हा माणूस रोज सकाळी उठून खुर्चीत बसतो आणि फाटकाकडे बघतो, तुमच्याकडून कुणी येतंय का म्हणून. तेव्हा पुरवणीत नको, सारांशात नको, सरळ सांगा. त्यानं बटण दाबलंच नव्हतं, तर तुम्ही नियम बदललात कशासाठी? आणि दाबलं होतं, तर ती वरची ओळ अजून तिथे का आहे?

उत्तर द्या.